कॅमेऱ्यावरचा टॉवेल

माझ्या दादाला स्किझोफ्रेनिया आहे, वीसेक वर्षं झाली. महासाथीत त्याचे उपचार फोनवर आले आणि जवळपास दीड वर्ष आम्ही ते तसेच चालवले. तेव्हा असं काहीतरी वाचायला मिळावं म्हणून मी बरीच शोधाशोध केली होती. मिळालं नाही, म्हणून आता लिहितेय. दादाला वाचून दाखवलंय. दोन ठिकाणी त्याने खोडायला लावलं, तिथे खोडलंय.

11 मार्च 2020 ला जागतिक आरोग्य संघटनेने कोविड ही महासाथ असल्याचं सांगितलं. त्यानंतर आठवड्याभरात आमच्या सामुदायिक मानसिक आरोग्य केंद्राचा मेसेज आला: पुढील सूचनेपर्यंत केंद्रात येऊ नये, सेवा दूरध्वनीद्वारे मिळेल. फोन कोण करणार, कधी, कुठल्या नंबरवरून, काही नाही. मी आधी गोळ्या मोजल्या. अकरा दिवसांच्या होत्या.

अकरा दिवस म्हणजे पुष्कळ, असं वाटेल. पण दादा क्लोझॅपिनवर आहे. बाकीच्या औषधांनी गुण येत नाही तेव्हा हे देतात, आणि त्याची दोन दुखणी आहेत. पहिलं रक्ताचं. 1975 मध्ये फिनलंडमध्ये या औषधाने काही रुग्णांच्या पांढऱ्या पेशी एकदम घसरल्या, काही जण दगावलेही. बऱ्याच ठिकाणी ते बंद झालं आणि नंतर परत आलं ते नियमित रक्ततपासणीच्या अटीवर. सुरुवातीला दर आठवड्याला, मग पंधरा दिवसांनी, वर्ष उलटलं की महिन्याला. दुसरं खाड्याचं. सलग 48 तासांहून जास्त औषध चुकलं, तर जुना डोस तसाच्या तसा परत घेता येत नाही. 12.5 मिलिग्रॅमपासून पुन्हा पायरी पायरीने चढावं लागतं. दादा तेव्हा 350 वर होता. गोळ्या संपून दोन दिवस गेले असते, तर काही आठवडे मागे. आणि ते काही आठवडे घरात काय असतं, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी नोंदणीची लिंक आली. नाव, जन्मतारीख, फाइल नंबर भरला, आणि 'नोंदणीकृत मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे' अशी ओळ उमटली. तो मोबाइल बाबांचा होता. बाबांना जाऊन चार वर्षं झाली होती आणि सिम केव्हाच बंद. नंबर बदलायचा तर अर्ज घेऊन केंद्रात या, आणि केंद्रात तर येऊ नका. स्वागतकक्षाचा फोन लागायला तीन दिवस गेले. शेवटी उचलला तो दादाच्या ओळखीच्या सिस्टरनी, ज्या पूर्वी महिन्यातून एकदा घरी यायच्या. त्यांनी वहीत नंबर लिहून घेतला आणि संध्याकाळपर्यंत बदलून दिला. तुमच्या घरात कुणाचे असे दीर्घ उपचार चालू असतील, तर फाइलवर कुणाचा नंबर आहे ते आजच बघून ठेवा. साथ असो वा नसो.

मग संमतीपत्र. चार पानं. तिसऱ्या पानावर विचारलं होतं: फोनच्या वेळी रुग्ण नेमका कुठे असेल, त्या जागेचा पूर्ण पत्ता, फोन मध्येच तुटला तर कुणाला फोन करायचा, पाच-दहा मिनिटांत तिथे पोचू शकेल असं कोण आहे. मला राग आला. वीस वर्षं याच पत्त्यावर राहतोय, तुमच्याच फाइलमध्ये आहे! सिस्टरनी समजावलं. समोर बसलेला पेशंट जिवाचं काही बोलला तर डॉक्टर उठून दार लावून घेऊ शकतात. फोनवर बोलला तर त्यांच्या हातात फक्त तो पत्ता असतो. म्हणून दर वेळी सुरुवातीलाच विचारतात, "आत्ता कुठे आहात?" दादा पहिले काही महिने म्हणायचा, "तुम्हाला माहीत असेलच." पुढे सवयीने सांगायला लागला.

रक्ताचं काय, हा प्रश्न सगळ्यांत मोठा होता. प्रयोगशाळेत गर्दी, आणि गर्दीत जायचं नाही. त्याच सुमारास वेगवेगळ्या देशांतल्या तज्ज्ञांनी मिळून शिफारस केली होती की, जे वर्षाहून जास्त काळ क्लोझॅपिनवर आहेत आणि ज्यांच्या पेशी कधी ठरावीक आकड्याखाली गेलेल्या नाहीत, त्यांची तपासणी साथीपुरती तीन महिन्यांवर न्यायला हरकत नाही. दादा त्यात बसत होता. पण हे डॉक्टरांनी त्याचे जुने सगळे रिपोर्ट बघून ठरवलं, आणि एक अट ठसवून सांगितली: ताप, घसादुखी, अंग मोडून येणं, यातलं काहीही झालं की त्याच दिवशी फोन आणि रक्त. "कोविडच असेल" म्हणून थांबायचं नाही. बाकी सगळं जग तापाला कोविड म्हणून घाबरत होतं, आम्हाला तापाची दोन भयं होती.

पहिली अपॉइंटमेंट सकाळी अकराची. फोन आला पावणेदोनला, नंबर न दिसणारा. दादा अनोळखी फोन उचलत नाही, नंबर लपवलेला तर मुळीच नाही. मी आंघोळीला गेले होते. दुपारी मेसेज: 'रुग्ण अनुपस्थित.' तीन वेळा अनुपस्थित राहिलं तर फाइल बंद, असा तिथला नियम. पुन्हा स्वागतकक्ष, पुन्हा सिस्टर. नवी तारीख मिळाली आठ दिवसांनंतरची, तोवर गोळ्या संपणार. त्यांनी डॉक्टरांना मध्येच गाठून महिन्याची चिठ्ठी पीडीएफ करून पाठवली. औषधवाल्याने ती फोनवर बघितली आणि परत दिली. सही आहे, नोंदणी क्रमांक नाही. पुन्हा फोन, दुरुस्त चिठ्ठी, पुन्हा रांग. गोळ्या हातात आल्या तेव्हा डबीत दोन शिल्लक होत्या. चिठ्ठी आली की आधी चार गोष्टी बघायच्या हे तेव्हा शिकले: तारीख, पेशंटचं वय, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, किती दिवसांचं औषध.

आणि मग तो व्हिडिओ कॉल.

ज्यांना या आजाराची माहिती नाही त्यांच्यासाठी: दादाच्या आजारातला सगळ्यांत जुना, सगळ्यांत हट्टी भाग म्हणजे कुणीतरी आपल्यावर नजर ठेवून आहे ही खात्री. औषधाने ती दबते, जात नाही. अशा माणसासमोर आम्ही पुस्तकांच्या चळतीला टेकवून फोन उभा केला आणि सांगितलं, कॅमेऱ्यात बघ. डॉक्टरांचा चेहरा आला, खाली कोपऱ्यात दादाचा स्वतःचा. तो डॉक्टरांकडे बघतच नव्हता, त्या कोपऱ्यातल्या चौकोनाकडे बघत होता. त्याने मान डावीकडे केली, चौकोनातल्याने केली. हात वर केला, त्यानेही केला. मग दादा शांतपणे उठला, दोरीवरचा टॉवेल काढला आणि फोनवर टाकला. टॉवेलखालून डॉक्टरांचा आवाज येत राहिला, "ऐकू येतंय का? हॅलो?"

मला रडू आलं आणि हसूही. डॉक्टरांचं मात्र कौतुक करायला हवं. त्यांनी टॉवेल काढायला सांगितलं नाही. "असू दे, मला ऐकू येतंय, असंच बोलू," म्हणाले आणि बारा मिनिटं टॉवेलशी बोलले. पुढच्या वेळेपासून साधा फोन. हात थरथरतात का, चालताना पाय अडखळतात का, हे बघायचं असेल तेव्हाच कॅमेरा, तोही मागचा, म्हणजे स्वतःचं तोंड दिसत नाही, आणि तीन मिनिटांत बंद. बंद करायचं बटण दादाने दाबायचं. या एका गोष्टीने जितकं काम झालं तितकं दुसऱ्या कशानेच नाही. कॅमेऱ्याची वेळ येईल तेव्हा खिडकी माणसाच्या पाठीशी नको, नाहीतर नुसती सावली दिसते. आणि चालताना पाय दिसायला हवेत, त्यासाठी फोन धरणाऱ्याने भिंतीला पाठ लावून उभं राहायचं.

एकदा गप्पांच्या ओघात डॉक्टरांनी सांगितलं की हे काही नवं नाही. अमेरिकेत नेब्रास्कातल्या मनोविकार संस्थेने 1964 मध्येच दोन्ही बाजूंनी दिसणाऱ्या टीव्हीवरून शंभरावर मैल दूरच्या रुग्णालयाशी जोडणी केली होती. दादा म्हणाला, "म्हणजे तेव्हापासून बघतायत." डॉक्टर मोठ्याने हसले. दादाही हसला. त्याच्या भीतीवर तो स्वतः विनोद करतोय, हे मी कितीतरी वर्षांनी ऐकत होते.

इथपर्यंतच्या अडचणी कागदाच्या आणि यंत्राच्या होत्या, त्या सुटल्या. खरं अवघड होतं ते पुढे.

केंद्रात असताना डॉक्टर निम्मं स्वतः बघायचे. दादा आत कसा येतो, बुटाच्या नाड्या बांधल्यात का, खुर्ची किती लांब ओढून बसतो. फोनवर यातलं काहीच नाही. मग ते मला विचारायचे. झोप कशी आहे? एकटा बोलतो का? आंघोळ? मी स्वयंपाकघरात जाऊन दबक्या आवाजात उत्तरं द्यायचे. मग आणखी 'मदत' म्हणून वही केली: किती वाजता उठला, रात्री किती वेळा दिवा लावला, खिडकीचा पडदा किती वेळा बाजूला केला. मी फार नीटनेटकी वही ठेवली होती. तारखा लाल शाईत.

मेमध्ये ती त्याला सापडली.

तो ओरडला नाही. वही माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाला, "तू त्यांची माणूस का माझी?" वीस वर्षं ज्याला आम्ही पटवत आलो की कुणी तुझ्यावर नजर ठेवून नाहीये, त्याच्या हातात मी नजर ठेवल्याचा तारीखवार पुरावा दिला होता. चार दिवस तो माझ्याशी बोलला नाही. गोळ्या घेत होता, पण मी दिलेल्या नाहीत. स्वतः डबीतून काढून, पाठ करून.

आणि गंमत अशी की इतकी वही लिहून मला मुख्य गोष्ट दिसलीच नव्हती. एप्रिलच्या अखेरीपासून दादा दिवसाचे चौदा-चौदा तास झोपत होता. उशी लाळेने ओली. एकदा दाढी करता करता तोंडाला साबण तसाच ठेवून बसल्या जागी डुलकी लागली. मी लिहिलं होतं: 'सुस्ती, बहुधा उदासीमुळे.' पुढच्या फोनवर डॉक्टरांनी हे ऐकलं आणि विचारलं, "सिगारेट किती चालू आहेत?" शून्य. दुकानं बंद, मिळतच नव्हत्या. मला तर आनंद झाला होता.

सिगारेटच्या धुरामुळे यकृत क्लोझॅपिनचा निचरा भराभर करतं. धूर थांबला की तोच डोस रक्तात साठायला लागतो. निकोटिनचा यात संबंध नाही, धुराचा आहे. जंतुसंसर्गातही पातळी अशीच वर जाऊ शकते. डॉक्टरांनी त्याच आठवड्यात रक्तातली पातळी तपासून घेतली, ती चढलेलीच होती. डोस कमी केला आणि पंधरा दिवसांत माणूस जागा झाला. हे सगळं साध्या फोनवर, एका प्रश्नात सापडलं. मात्र उलटही खरं: दुकानं उघडून सिगारेट पुन्हा सुरू झाल्या की डोस अपुरा पडतो, म्हणून ओढायला लागण्याआधी कळवायचं, असं ठरलं. दादाने कळवलं नाही. आकडा विचारला की "दोन-तीन" म्हणायचा. राखेवरून तरी तो आठ-दहा होता.

इथे मला पुन्हा वही काढायचा मोह झाला होता. त्याऐवजी सिस्टरना सगळं खरं सांगितलं, वहीसकट. त्यांनी डॉक्टरांशी बोलून फोनची पद्धत बदलली. पहिली पंधरा मिनिटं दादा एकटा. मग पाच मिनिटं तिघं, स्पीकरवर, आणि मला जे सांगायचं ते त्याच्यासमोर. पाठीमागे फोन, चिठ्ठी, मेसेज काही नाही. फक्त जिवाला धोका वाटला तर मी परस्पर फोन करणार, आणि हे दादाला आधीच माहीत असणार. त्याने यात एक कलम घातलं: "तिने काय बघितलं ते तिने आधी मला सांगायचं, मग तुम्हाला."

दादाच्या पंधरा मिनिटांसाठी जागा हवी होती. घर लहान, भिंती पातळ. मी जिन्यात जाऊन बसायचे आणि दाराजवळ रेडिओ लावून ठेवायचे. वायरचे हेडफोन घेतले, कारण बिनवायरच्यांवर त्याचा विश्वास नाही. काही जण गच्चीवर जातात, काही गाडीत बसून बोलतात, असं सिस्टर सांगत होत्या. एक बाई म्हणे नळ सोडून न्हाणीघरातून बोलायच्या. ज्यांना घरातल्यांबद्दलच बोलायचंय, त्यांनी घरातून कसं बोलायचं, याचं उत्तर कुठल्याच संमतीपत्रात नव्हतं.

केंद्राचा गट मात्र पडद्यावर चालला नाही. आठवड्यातून एकदा दहा-बारा जण जमायचे, कुणी बोलायचं, कुणी नुसतं बाकावर बसायचं. दादा त्या बसणाऱ्यांतला. पडद्यावर गप्प बसलं की, "तुमचा माइक बंद आहे का?" असं विचारतात. दोनदा बसला, तिसऱ्यांदा उठून गेला. त्याचं त्या जूनपासून जे तुटलं ते पुढे वर्षभर जुळलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 च्या मध्यात 130 देशांत पाहणी केली, तेव्हा 93 टक्के देशांत मानसिक आरोग्याच्या महत्त्वाच्या सेवा विस्कळीत झालेल्या किंवा थांबलेल्या होत्या आणि 70 टक्क्यांहून जास्त देशांनी त्यावर फोन-व्हिडिओचा मार्ग काढला होता. ऑक्टोबरमध्ये ही बातमी वाचली तेव्हा मला तो बाक आठवला. त्याची बदली कशात मोजायची?

खर्चाचं सांगते. फी बदलली नाही. येण्याजाण्याचा आणि माझ्या अर्ध्या दिवसाच्या रजेचा खर्च वाचला. घरी येऊन रक्त नेण्याचा आकार वेगळा पडला, पातळीची तपासणी त्याहून बरीच महाग, आणि व्हिडिओच्या महिन्यात डेटा महिना संपायच्या आत संपायचा. ज्या घरात एकच स्मार्टफोन आणि त्यावरच मुलांची शाळा, तिथे काय होत असेल ते वेगळं. महिन्याचं इंजेक्शन घेणाऱ्यांना तर फोनचा उपयोग अर्धाच. त्यांच्यासाठी सिस्टर अंगभर किट घालून दारोदार फिरत होत्या.

ऑक्टोबर 2020 मध्ये पहिल्यांदा प्रत्यक्ष बोलावलं, मास्क लावून, वीस मिनिटांसाठी. दादा वजनकाट्यावर उभा राहिला. मार्चपेक्षा नऊ किलो जास्त. सात महिन्यांत ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. कॅमेऱ्यात हात-पाय दिसत होते, पोट कुणी विचारलं नव्हतं. मी रोज बघत होते म्हणून मलाही दिसलं नव्हतं. साखर तपासली, ती सीमेवर. तेव्हापासून घरात काटा आहे आणि फोनच्या आदल्या दिवशी वजन, कमरेचा घेर आणि पोट साफ होतं का, हे तिन्ही लिहून ठेवतो. तिसरा प्रश्न विचारायला लाज वाटू देऊ नका. या औषधाने होणारी बद्धकोष्ठता जिवावर बेतू शकते आणि ती फोनवर कुणाला दिसत नाही.

आता रक्त पुन्हा महिन्याला आहे. एक भेट प्रत्यक्ष, एक फोनवर, अशी आलटून पालटून. फोनची वेळ अजूनही अकराची ठरते आणि फोन दीड वाजता येतो, पण नंबर आता दिसतो. तो दादाने स्वतःच्या मोबाइलमध्ये साठवलाय.

वहीच्या जागी कपाटाच्या दारावर एक कागद आहे, दोघांनाही दिसेल असा. मागच्या फोनच्या दिवशी मी कामावर होते. संध्याकाळी परत आले तर कागदावर दादाच्या अक्षरात लिहिलेलं होतं: 'पुढची तारीख 9. रक्त आधी. वजन 1 किलो कमी. सिगारेट 7. खरा आकडा.'